अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाची चुळबुळ

पडद्याकडे पाठ करून बारा वर्षांत शंभरावर चित्रपट बघितलेली दुसरी बाई शोधून सापडणार नाही. ‘बघितलेली’ हा शब्दही तिला लागू नाही म्हणा. चित्रपट बघायचा लोकांनी आणि तिने बघायचं लोकांकडे, अशी तिची नोकरी. मुलाबाळांचा चित्रपट पुरा होत आला, की स्टुडिओवाले चाळीस-पन्नास कुटुंबांना बोलावून तो फुकट दाखवत आणि लोक कुठे हसतात, कुठे कंटाळतात ते मोजून घेत. हे मोजणं तिच्याकडे. पडद्याखाली कोपऱ्यात एक खुर्ची, मांडीवर परीक्षेला नेतात तसलं पॅड, त्यावर आखलेला कागद आणि कागदापुरता उजेड पाडणारा लाल दिवा. दर मिनिटाला एक ओळ. ओळीत चार रकाने: हसू, खोकला, चुळबुळ, उठून जाणं.

चुळबुळ म्हणजे काय, तेही तिनेच ठरवलेलं. मुलाचं डोकं खुर्चीच्या पाठीवरून सुटून इकडेतिकडे सरकलं, की एक रेघ. मग ते मूल राजाचं असो की स्वतःच्या बहिणीचं. स्टुडिओत तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. माणसाने निदान एका बाबतीत तरी काट्यासारखं असावं, असं तिचं मत होतं.

या खेपेचा चित्रपट होता पाणमांजरांच्या कुटुंबाचा, आणि त्यात एक गोची होती. तिचा धाकटा भाऊ त्याच स्टुडिओत चित्रं हलवायचं, म्हणजे ॲनिमेशनचं, काम करायचा. या चित्रपटातलं एक दृश्य पहिल्या रेघेपासून शेवटच्या थेंबापर्यंत त्याचं एकट्याचं होतं. अडीच वर्षं हा गडी न्हाणीघरात बादलीत हात घालून बसायचा, पाणी बोटांवरून कसं घसरतं ते बघत. बायकोने कपडे धुवायला दुसरी बादली आणली.

दोन खेळ झाले होते, तिसरा आणि शेवटचा रविवारी दुपारी होता. रविवारी सकाळी धाकटा ताईकडे आला आणि चहाचा कप हातात धरून उन्हाळ्यावर, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर आणि ताईच्या नव्या पडद्यांवर बोलत बसला.

“ताकाला आलायस ना? मग भांडं कशाला लपवतोस?” ती म्हणाली.

“ताई, अठ्ठेचाळिसावं मिनिट माझं आहे.”

तिने आपला कप खाली ठेवला. मोजणाऱ्याला चित्रपटाबद्दल आधी काही सांगायचं नाही, हा स्टुडिओचा नियम होता, आणि धाकट्याने तो आजवर पाळला होता.

“कात्रीसाहेब म्हणाले, दोन्ही खेळांत त्या मिनिटाला चुळबुळ सगळ्यात जास्त. आज तिसऱ्यांदा तेच झालं, तर दृश्य काढून टाकणार. अख्खं.” कात्रीसाहेब म्हणजे संकलक. नाव पाडणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं.

“मग मी काय करू?”

“काही नाही. फक्त... डोळ्यांत तेल घालून मोजतेस ना, आज तेल जरा कमी घाल. वीसेक रेघा इकडेतिकडे झाल्या तर कुणाला कळणारे?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “मला कळेल! बारा वर्षांत एक रेघ खोटी मारली नाही, आणि आता कुंपणाने शेत खायचं?”

“अडीच वर्षं गेली गं माझी त्यात,” धाकटा म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला. दारातून त्याने मागे वळून बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिचा हा एकुलता एक भाऊ. त्याचा पडलेला चेहरा तिला लहानपणापासून बघवत नसे.

खेळाला निघण्याआधी तिने मागचे दोन कागद काढले. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला एकदा त्रेसष्ट रेघा, एकदा एकाहत्तर. भावाची बाजू घ्यावी अशी फट कुठेच नव्हती. मग तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली आणि तिथेच अडकली. खोकला: शून्य. दुसऱ्या कागदावरही शून्य.

आता ज्याने हॉलमध्ये बारा वर्षं काढली आहेत त्यालाच यातली गंमत कळेल. कंटाळलेला हॉल खोकतो. घशाला काही झालेलं नसतं, पण खोकतो. पॉपकॉर्नच्या पिशव्या वाजतात, खुर्च्या कुरकुरतात, कुणीतरी “आई, संपलं का?” विचारतं आणि चार जणांना एकदम लघवीला लागते. इथे उठून जाण्याच्या रकान्यातही शून्य होतं. म्हणजे सत्तर पोरं चुळबुळत होती आणि एकही खोकत नव्हतं. भूत बघितल्यासारखी ती त्या शून्याकडे बघत राहिली. हे काय प्रकरण आहे, ते कळल्याशिवाय आता तिला चैन पडणार नव्हतं.

दुपारी हॉल गच्च भरला. दारावरच्या माणसाने नेहमीप्रमाणे आकडा दिला: मुलं शहात्तर, मोठी माणसं ऐंशी. ती आपल्या कोपऱ्यात बसली, दिवा लावला, रेघा मारू लागली. चौथ्या मिनिटाला हशा. अकराव्याला मोठा हशा, एका आजोबांचा तर हसता हसता चष्मा पडला. एकविसाव्याला तिसऱ्या रांगेतल्या मुलाने बापाला विचारलं, “पाणमांजराला शाळा असते?” बाप म्हणाला, “नसते,” आणि पोराने इतका खोल उसासा टाकला, की तो कुठल्या रकान्यात घालावा हे तिला कळेना.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. दिवा विझवला, पॅड उचललं आणि वाकून चालत प्रेक्षकांत शिरली. सातव्या रांगेत कडेला एक खुर्ची रिकामी होती. पलीकडे सहा-सात वर्षांची एक मुलगी आणि तिच्या पलीकडे मांडीवर तान्हं घेतलेली तिची आई. मोजणीबाई टेकते न टेकते तोच तान्ह्याने सूर लावला.

“अहो, जरा हिच्याकडे बघाल का? याला बाहेर फिरवून आणते,” आई कुजबुजली आणि उत्तराची वाट न बघता गेली.

अठ्ठेचाळिसावं मिनिट लागलं. संगीत थांबलं आणि नुसता पाण्याचा आवाज उरला. हॉलमधला उजेड एकदम मावळला. पडद्यावर रात्र झाली होती. आपल्या कोपऱ्यातून या मिनिटाला नुसते डोक्यांचे काळे गोल का दिसतात, ते तिला आत्ता समजलं.

तिने पेन सरसावलं आणि आजूबाजूला बघितलं. डोकी सुटत होती, अगदी मोजून घ्यावीत अशी. पुढच्या रांगेतलं एक डोकं डावीकडे सरकलं आणि बापाच्या दंडाला टेकलं. त्याच्या शेजारचं आईच्या कुशीत गेलं. मघाशी उसासा टाकणारा पोरगा खुर्ची सोडून सरळ बापाच्या मांडीवर चढला, आणि बापाने पडद्यावरची नजर न काढता त्याला जवळ ओढलं. चष्मेवाल्या आजोबांनी आजीचं मनगट धरलं होतं. सगळीकडून माणसं एकमेकांकडे सरकत होती आणि खोकायला कुणाला सवड नव्हती.

तेवढ्यात तिच्या उजव्या हाताला काहीतरी ऊबदार लागलं. शेजारच्या मुलीने आईसाठी एका बाजूला हात टाकून बघितला होता, तिथे कुणी नव्हतं, म्हणून तिने दुसऱ्या बाजूला जो हात सापडला तो पेनासकट घट्ट धरला. तिची नजर पडद्यावरच होती. कुणाचा हात आहे याची तिने चौकशी केली नाही.

मोजणीबाईने मग मान वळवून पडद्याकडे बघितलं. काळ्या पाण्यावर पाणमांजरं उताणी झोपली होती, आई आणि पिल्लू, वाहून जाऊ नये म्हणून एकमेकांचा पंजा धरून. झोपेतच पंजा सुटला. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं, हळूहळू, एकेक बोट सोडवत. पिल्लाला जाग आली, त्याने शेजारी चाचपडलं, आणि पाण्याखेरीज त्याच्या हाताला काही लागलं नाही. बस, एवढंच होतं. तिला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

खेळ संपल्यावर वरच्या खोलीत दिग्दर्शिका आणि कात्रीसाहेब कागदाची वाट बघत होते. धाकटा दाराशी उभा होता, जीव टांगणीला लागलेला.

“अठ्ठेचाळीसची ओळ कोरी आहे बाई,” कात्रीसाहेब म्हणाले. “मोजलं नाहीत?”

“हात मोकळा नव्हता.”

मग तिने बघितलं ते सगळं सांगितलं. कात्रीसाहेब हसले. “बाई, दृश्य तुमच्या भावाचं, हे मला माहीत आहे. त्याने तुम्हाला मिनिट सांगितलं होतं का?”

हात दाखवून अवलक्षण नको, म्हणून दुसऱ्या कुणीही मूग गिळले असते. “सांगितलं होतं,” ती म्हणाली. “वीस रेघा कमी मार, असंही म्हणाला.” धाकट्याने डोळे मिटून घेतले. “म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. आधीचे दोन कागद बघा, ते मला काही माहीत नव्हतं तेव्हाचे आहेत. खोकल्याचा रकाना बघा.”

कात्रीसाहेबांनी कागद ओढून घेतले. माणूस खवट, पण धंदा जाणणारा. एका शून्यावर बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या कागदावरचं शून्य शोधलं. मग एक कागद दिग्दर्शिकेकडे सरकवत म्हणाले, “मॅडम, दीडशे माणसं रात्रीच्या पाण्याकडे बघतायत आणि कुणी खोकत नाही. हे दृश्य काढायचं असेल तर दुसरा माणूस बघा.”

“राहू दे,” दिग्दर्शिका म्हणाली, “आणि चुळबुळीचा रकाना आता नव्याने आखा.”

जिन्यात धाकट्याने ताईला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन पायऱ्या एकदम उतरत, बायकोला फोन लावत, मधेच “ताई, तू म्हणजे ना!” असं ओरडत तो पुढे गेला. तिला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण अर्ध्या जिन्यातच ती थांबली. धाकट्याला बहीण होती. बाकीच्यांना कोण होतं?

घरी येऊन तिने कपाटाचा खालचा खण उपसला. बारा वर्षांच्या कागदांच्या प्रती गठ्ठ्यांनी बांधून ठेवल्या होत्या. ती जमिनीवर बसली आणि एकच गोष्ट शोधू लागली: भरपूर चुळबुळ, खोकला शून्य. तिसऱ्याच गठ्ठ्यात सापडली. नऊ वर्षांपूर्वीचा चित्रपट, म्हाताऱ्या अस्वलाचा. चौतिसावं मिनिट. समासात कात्रीसाहेबांचं अक्षर होतं: काढलं.

तेव्हा कागदाच्या डोक्यावर दिग्दर्शकाचा फोन नंबर लिहायची पद्धत होती. तिने घड्याळ बघितलं, सात वाजत होते. कुणाच्या घरी फोन करायला अजून अवेळ झाली नव्हती. नंबर नऊ वर्षांत बदललाही असेल, अशी आशा तिने थोडीशी धरली. तो बदललेला नव्हता.

“कोण बोलतंय?” पलीकडून घोगरा आवाज आला.

“तुमच्या अस्वलाच्या चित्रपटाची मोजणी मी केली होती. मला एक विचारायचं होतं. चौतिसाव्या मिनिटाला तुम्ही काय दाखवलं होतं?”

पलीकडे कुणीतरी रेडिओ बंद केला. “तुम्हाला मिनिट कसं आठवतं?”

“कागद समोर आहे.”

“गुहेत अंधार असतो,” तो सावकाश म्हणाला. “म्हाताऱ्या अस्वलाला आता दिसत नसतं. नात त्याला विचारते, उजाडलं का? तो म्हणतो, उजाडलं. तिला भीती वाटू नये म्हणून. तेवढंच होतं. पोरं कंटाळली म्हणे. बरोबरच असेल. मला वाटायचं मला मुलं कळतात, तर तसं नव्हतं. मग मी ते काम सोडलं. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. बरं चाललंय.”

तिला वाटलं फोन ठेवून द्यावा. ठेवला नाही. “पोरं कंटाळली नव्हती,” ती म्हणाली. “ती मोठ्या माणसांना बिलगत होती. मी त्याला चुळबुळ म्हटलं. चूक माझी होती. तुम्हाला मुलं कळत होती, मला कळत नव्हती.”

ती फोन कानाला धरून बसून राहिली. ओरडला असता तरी तिने ऐकून घेतलं असतं.

“किती रेघा होत्या?” त्याने विचारलं.

“एकेचाळीस.”

“आणि हॉलमध्ये मुलं किती होती?”

तिने कागदाचा कोपरा दिव्याकडे धरला. दारावरच्या माणसाने दिलेला आकडा तिच्याच अक्षरात तिथे होता.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली.