मामांनी लावलेला माझा भाव

ओ, इकडे बघा. वर नाही, टेबलावर. हां, तोच, गोल, पिवळा, चकचकीत. मी बोलतोय. नाणं आहे मी. म्हणजे डबीवर तरी तसं लिहिलंय.

जन्म कारखान्यातला. अंग तांब्याचं, वर सोन्याचा मुलामा, तोही इतका पातळ की जोरात शिंकलात तर उडेल. एका बाजूला कुठलातरी पूल, दुसऱ्या बाजूला 'शंभर वर्षं'. सोबत एक कागद असतो, त्यावर 'मोजकीच नाणी' असं छापलंय. आमचं मशीन जेवणाच्या सुट्टीतही थांबत नव्हतं, पण मला विचारतंय कोण?

मला मामांनी ऑनलाइन घेतलं, नऊ हजारांना. मामा लिफ्ट दुरुस्त करतात, पण डोकं त्यांचं कायम वरच्या मजल्यावर अडकलेलं. आता नऊ हजार आले कुठून? मामी चार दिवस माहेरी गेल्या होत्या. तेवढ्यात मामांनी त्यांचं शिलाई मशीन मागच्या गल्लीतल्या टेलरला विकून टाकलं!

मामी परत आल्या. मशीनच्या जागी फरशीवर नुसते चार डाग.

"मशीन कुठंय?"

"अगं, आधी बस तर. हे बघ." मामांनी मला पुढे केलं. "एकाने हेच नाणं ऑनलाइन तीस हजारांना लावलंय. आपण पस्तीसला विकू. तुला नवंकोरं मशीन!"

"शाळेचे चाळीस गणवेश घेतलेत मी शिवायला. पंधरा दिवसांत द्यायचेत. आठवड्यात मशीन नाही आलं, तर तुम्ही बसा सुईदोरा घेऊन."

मामांनी माझा फोटो काढला, मागे मामींची ठेवणीतली साडी पसरून. भाव लावला पस्तीस हजार.

दुसऱ्या दिवशी तो पहिला विकणारा चाळीसवर गेला. "बघितलंस? भाव चढतोय!" म्हणत मामा पंचेचाळीसवर. तो पन्नासवर. मामा साठवर. सहाव्या दिवशी तो सत्तरवर पोचला. मामा घरात असे फिरत होते, जणू पूल त्यांनीच बांधलाय. गिऱ्हाईक म्हणाल तर एकच आलं. त्याने विचारलं, "आत चॉकलेट आहे का?"

सातव्या दिवशी सकाळी मामा आंघोळीला गेले आणि मामींनी त्यांचा फोन हातात घेतला. मी शेजारीच पडलो होतो. त्यांनी त्या सत्तरवाल्या विकणाऱ्याला लिहिलं, 'सत्तर हजार कशावरून लावलेत?'

लगेच उत्तर आलं. मामींनी ते मोठ्याने वाचलं, मामा टॉवेलवर बाहेर येऊन ऐकत उभे.

"ताई, इथे अजून एक जण हेच नाणं विकतोय. रोज भाव वाढवतो. जाणकार माणूस दिसतो. मी आपला त्याच्या मागेमागे."

मामींनी मामांना वरून खालपर्यंत बघितलं. "जाणकार! डोक्याचा साबण तरी नीट धुवा."

मग त्यांनी विचारलं, 'तुमचं विकलं गेलं का?'

'नाही हो. चार दिवस झाले, बायको बोलत नाही.'

त्याच दुपारी दोघं मला घेऊन जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला काट्यावर ठेवलं, भिंगातून बघितलं आणि खाली ठेवलं.

"लावलेला भाव कशाला बघता? कोणी काहीही लावेल. विकल्याचा भाव बघा." त्याने कॉम्प्युटर वळवून दाखवला. माझी तीन भावंडं खरोखर विकली गेली होती. दोनशे दहा, एकशे ऐंशी, दीडशे.

"आणि यातलं सोनं?" मामांनी हळूच विचारलं.

"खरवडलं तर नखात मावेल."

"पण कागदावर लिहिलंय, मोजकीच नाणी."

"मोजकी म्हणजे किती, ते लिहिलंय?"

मामांनी कागद उलटला. मागे कोरा.

वाटेतच मामांनी फोन विकला, दहा हजारांना. त्याच पैशात टेलरकडून मशीन परत आणलं. टेलरने हजार जास्तच घेतले. मला बनवणारे सोडले, तर या सगळ्या भानगडीत विकताना फायदा झाला तो फक्त त्याला.

आता अकरा गणवेश झालेत, एकोणतीस उरलेत. मामा खाली बसून बटणं लावतात. चार वाकडी लागली, मामींनी उसवून हातात दिली. तक्रार करायला मामांना तोंड राहिलेलं नाही.

आणि मी? कापडावर कागदी माप पसरलं की पंख्याने उडू नये म्हणून मामी मला त्यावर ठेवतात. ऐटीत बसतो मी. माझ्यासारखा कोणी कुठे विकायला दिसला, तर बाबांनो, एवढंच विचारा: याआधीचा कितीला गेला?

काल शाळेच्या बाई उरलेली मापं द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "किती छान आहे हो हे! विकणार का?"

मामांनी झटकन मान वर केली.

"नाही," मामी म्हणाल्या. "कामावर आहे ते."