अमारेनाचा डावा गाल

ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधलेली अमारेना गाडी लेआर्कोच्या कारखान्यासमोर येऊन थांबली, तेव्हा योलांदाबाई स्टिअरिंगमागे ताठ बसल्या होत्या. डोक्यावर टोपी, हातांत मोजे, ओठांना लाली. मागून निम्मं गाव चालत आलेलं, आणि सगळ्यांचे चेहरे असे, की जणू गाडीतून प्रेतच आणलंय.

लेआर्को बाहेर आला आणि त्याच्या हातातून कॉफी पडली. कपासकट.

गाडीचा डावा गाल आत गेला होता. दिवा फुटून लोंबत होता आणि चाकावरचा पत्रा असा चुरगळलेला, जसं कुणी नको ते पत्र वाचून मुठीत आवळावं. पासष्ट वर्षांत त्या गाडीला कुणी साधा ओरखडा काढलेला नव्हता. गावातली माणसं तिच्याजवळून जाताना कोटाची बटणंसुद्धा सांभाळायची.

झालं होतं ते असं. चर्चच्या पायरीवर दगडाचा सिंह आहे, आठशे वर्षं एका जागी बसलेला. बाई जाऊन त्यालाच धडकल्या. बाईंचं म्हणणं, पाद्रीबाबांचा हंस आडवा आला. पाद्रीबाबा म्हणाले, माझे सातही हंस त्या वेळी खुराड्यात होते. बाई म्हणाल्या, मग तो आठवा असणार. यावर पाद्रीबाबांनी माघार घेतली, कारण एकोणनव्वद वर्षांच्या त्या बाईशी वाद घालण्याची छाती गावात कुणाची नव्हती. दर दोन वर्षांनी गाडी चालवण्याचा परवाना वाढवून देणाऱ्या डॉक्टरचीही नव्हती. त्या धडकेच्या आवाजाने मोदेना शहरापर्यंतच्या कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत, असं लोक सांगतात. तीन नसतील, पण एक दिवस तरी नक्कीच.

आता ही अमारेना म्हणजे काय, ते ऐका. दोन माणसांची, बिनछताची, शर्यतीची गाडी. पिकून काळपट झालेल्या चेरीचा रंग, म्हणून हे नाव. अख्खी गाडी बाईंच्या नवऱ्याने, उस्ताद फुल्जेन्झिओने, हाताने ठोकलेली. कागदावर नकाशा नाही, साचा नाही. एक ओंडका, एक वाळूची पिशवी, हातोडी आणि अॅल्युमिनिअमचा पत्रा. पत्रा ठोकायचा, डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. डोळा खोटं बोलतो, तळहात बोलत नाही, असं उस्ताद म्हणायचे. ज्या श्रीमंताने ती सांगून करवून घेतली, त्याने नाक मुरडलं, की डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला दिसतो. म्हणून ती घरीच राहिली.

पुढे उस्तादांचं नाव झालं. मोदेनाहून एक चष्मेवाले विद्वान आले, तीन दिवस मोजमाप करत बसले, आणि त्यांनी पुस्तकात लिहिलं की फुल्जेन्झिओ यांच्या प्रत्येक गाडीची डावी बाजू मुद्दाम भरीव ठेवलेली आहे, कारण वाऱ्याचं गुपित त्यांना कळलं होतं. उस्ताद ते वाचून इतके हसले, की त्यांची उचकी थांबेना, बाईंना पाठीत धपाटे घालावे लागले.

लेआर्को चौदाव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली आला, आणि आता अडुसष्टचा होता. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, तरी हातोडी उचलताना तो मनात त्यांची परवानगी घ्यायचा. वाऱ्याच्या गुपितावर त्याचा विश्वास नव्हता. त्याला वाटायचं, उस्ताद पण माणूसच, डाव्या बाजूला हात जरा सैल पडत असणार. ही एकच चूक, आणि तीही सगळ्या जगाने पाहिलेली. कितीदा त्याच्या हाताला खाज सुटली होती. आता सिंहानेच संधी दिली.

त्याने चुरगळलेला पत्रा उतरवला, तीन तुकडे केले आणि मागच्या भंगारात टाकले. मग उजव्या बाजूवर तारांचा सांगाडा बेतला, तो उलटा केला आणि त्यावर नवा पत्रा ठोकायला घेतला. नऊ दिवस. बायको जेवायला हाक मारून थकली. दहाव्या दिवशी त्याने डोळे मिटून दोन्ही गालांवर दोन तळहात फिरवले. जुळी भावंडं. त्याला रडू आलं. उस्ताद, झालं एकदाचं, असं तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने बाईंना निरोप धाडला.

बाई आल्या. मोजे काढले. डोळे मिटले आणि डाव्या गालावर हात ठेवला. हात दिव्यापासून निघाला, चाकाच्या माथ्यावर चढला आणि तिथेच थांबला. परत मागे गेला. परत चढला. लेआर्को शाबासकीची वाट बघत उभा होता.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता, ओठांची लाली तेवढी शिल्लक.

"लेआर्को, ही कुणाची गाडी आहे?"

"तुमचीच की, बाई."

"माझी नाही. जुना पत्रा कुठाय?"

त्याने समजावून सांगितलं, की तो गेलेलाच होता, हा कसा हुबेहूब उजव्यासारखा झालाय, उस्ताद असते तर खूश झाले असते. बाई ऐकत नव्हत्या. त्या पायांनी गेल्या की पंखांनी, कुणास ठाऊक; लेआर्को पोहोचेपर्यंत त्या भंगाराच्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. आदल्याच दिवशी भंगारवाला येऊन गेला होता. आपला खटारा आधीच शिगोशीग भरला म्हणून हा ढीग त्याने तसाच सोडला होता, हे नशीब.

"उलटा कर," बाई एका तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

पत्र्याच्या आतल्या अंगाला डांबराचा जाड थर होता. कापताना तो जागोजागी पोपडे धरून सुटला होता. लेआर्कोने राहिलेला नखाने काढला, आणि त्याचा हात थांबला.

हातोडीच्या खुणा म्हणजे माणसाचं अक्षर. उस्तादांच्या खुणा तो झोपेतही ओळखला असता. त्या उजवीकडे कललेल्या, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारख्या. या डावीकडे कललेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. दाट, बारीक, एकीला लागून एक.

डावखुऱ्या माणसाचा हात होता तो. उस्ताद डावखुरे नव्हते. त्या घरात डाव्या हाताने ढवळणारी, शिवणारी, मारणारीसुद्धा एकच व्यक्ती होती.

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई आभाळाकडे बघत होत्या.

"तो जेवून झोपायचा," त्या म्हणाल्या. "अन् मी ठोकायची."

लेआर्को तिथेच एका जुन्या टायरवर बसला. त्याला आठवलं. दुपारी बाराला शटर खाली यायचं, उस्ताद सगळ्या कामगारांना घरी जेवायला धाडायचे. दोनच्या आत दाराला हात लावाल तर याद राखा, असा दम. आणि शटरच्या आड दोन तास ठक ठक चालायची. गल्लीतले लोक म्हणायचे, बघा, हा माणूस दुपारचा डोळासुद्धा मिटत नाही. दोन वाजता उस्ताद जांभया देत शटर उचलायचे आणि त्यांच्या गालावर उशीची घडी उमटलेली असायची. लेआर्कोने ती घडी वर्षानुवर्षं पाहिली होती. पाहिली होती आणि काही म्हणजे काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"ही एकच गाडी?" त्याने विचारलं.

"ही पहिली. त्याच्या खांद्यात कळ आली होती, म्हणून मी हात लावला. पुढे सवय झाली. डावी बाजू सगळ्यांचीच माझी."

"एकोणीस गाड्या?"

"वीस. एक तुला माहीत नाही."

लेआर्को म्हणाला, मग मी आयुष्यभर रात्रंदिवस ज्या हाताची नक्कल केली, तो नक्की कोणता. बाई म्हणाल्या, उजव्या बाजू चांगल्या ठोकतोस, वाईट वाटून घेऊ नको.

"पण बाई, सांगितलं का नाही कधी? तो चष्मेवाला आला तेव्हा तरी."

"कुणी विचारलं नाही. आणि सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, मग चुलीवरचा रस्सा कोण बघतं? रस्सा आपला तो बघायचा. झोपेत. दोनदा करपला."

त्या हसल्या, पण हसू गालापर्यंत पोहोचलं नाही. त्यांनी पत्र्याचा तुकडा मांडीवर घेतला. बाकीच्या गाड्या शर्यतीत फुटल्या, भंगाराच्या भट्टीत वितळल्या. जी एक मोठ्या माणसाच्या दिवाणखान्यात उभी आहे, तिची डावी बाजू कुणीतरी हौसेने उजवीसारखी करून घेतली. तुझ्यासारखंच, असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता माझ्याने चमचा धरवत नाही, पोरा. हातोडी कुठली. हा पत्रा गेला की मी कधी काही केलं होतं, याला दाखला नाही."

लेआर्कोने त्याच दुपारी नऊ दिवसांची मेहनत गाडीवरून उतरवली. बायको म्हणाली, तुला वेड लागलंय. तो म्हणाला, लागलं होतं, आत्ता उतरतंय.

तीन तुकडे त्याने ओंडक्याजवळ मांडले. चुरगळलेला पत्रा कडक झालेला असतो, तसाच ठोकला तर फाटतो. म्हणून त्यावर साबण चोळायचा आणि खालून ज्योत फिरवायची. साबण तपकिरी झाला, की पत्रा लोण्यासारखा मऊ. तो एकेक सुरकुती बोटाने शोधायचा आणि हलकेच, बाईंच्या खुणा न मोडता, बाहेर काढायचा. बाई रोज यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि हळू, हळू म्हणत राहायच्या. तीन आठवड्यांत दोन तुकडे उभे राहिले. सांधले. डोळे मिटून बाईंनी हात फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला.

तिसरा तुकडा, दिव्याभोवतीचा, सुधारण्यासारखा नव्हता. सिंहाचा पंजाच बसला होता त्यावर. चिंध्या झाल्या होत्या. तेवढा वीतभर नवाच करावा लागणार. लेआर्कोने ते बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हातारपणी काही दात राहतात, काही बसवावे लागतात, म्हणाल्या. बाहेरून घाट तेवढा भरलेला ठेव. आतून कोण बघतंय.

त्याने नवा पत्रा कापला. वाळूच्या पिशवीवर ठेवला. हातोडी उचलली आणि थोडा वेळ तशीच धरून उभा राहिला.

मग त्याने ती दुसऱ्या हातात घेतली.

पहिला घाव पिशवीवर पडला. दुसरा पत्र्यावर, पण वाकडा. चोपन्न वर्षं हातोडी चालवलेला माणूस, बालवाडीत पहिल्या दिवशी पाटी धरलेल्या पोरासारखा घामाघूम झाला. त्याने पत्रा उलटून खूण पाहिली. फारशी बरी नव्हती. पण डावीकडे कललेली होती.

बाई खुर्ची ओढून जवळ आल्या.

"कोपर वर घे," त्या म्हणाल्या.

त्याने कोपर वर घेतलं.