कड्यावरचा वाटा

“बाई, त्यांना म्हणावं, स्वतः वर या,” सारजाबाईनं बांधावर आणखी एक धोंडा ठेवला.

आवडाबाई, तिची थोरली जाऊ, कड्याची वाट चढून धापा टाकत होती. “अगं, भादवा सरला तरी विहीर कोरडी हाय. मोसंबी वाळून चालली. भाया हाय त्यो तुझा. तुझ्या दारात कसा येईल?”

“पायानं येतील.”

पिशोर गावाच्या वरचं ते पठार म्हणजे नुसता मुरूम आणि काळा कातळ. ओढा तेवढा एक. तो दक्षिणेच्या कड्यावरून घळीत उडी घ्यायचा आणि खाली सारजाबाईच्या थोरल्या दिराची, म्हणजे भाया कडूबाची, विहीर भरायची. उत्तरेला मात्र जेमतेम कमरेएवढा उंचवटा. तो ओलांडला की पाणी थेट खानदेशात. सारजाबाईनं उन्हाळ्यात त्या उंचवट्यात चर खणला, ओढ्याला आडवा बांध घातला. यंदाचा सगळा पावसाळा खानदेशात गेला.

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा बद्रीनाथ तापानं गेला आणि लगेच वाटणी निघाली. त्या घरची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. कडूबानं पाडलेही आणि खालचा वाटा उचललाही त्यानंच. वर पंचांसमोर हसला, “पाऊस आधी तिच्याच रानात पडंल की.” भायापुढं बोलायचं नसतं, म्हणून सारजाबाई पदराआड गप्प बसली. ते हसणं मात्र ती विसरली नाही. चर खणताना प्रत्येक घावाला तिला तेच ऐकू येत होतं.

चार दिवसांनी कडूबा आवडाबाईला घेऊन वर आला. रीतीप्रमाणे पाठ करून, दरीकडं तोंड करून उभा राहिला. “आवडे, तिला म्हणावं, बांध फोड.”

सारजाबाईनं पदर तोंडावर ओढला नाही. “वाटे तेच ऱ्हाऊ द्या. पन आधी मी उचलनार.”

खालचं काळं रान, विहीर, बाग. सगळंच हातचं जाणार होतं. पण पाण्यावाचून ते तरी काय कामाचं? त्यानं वाकून दोन खडे कातळावर ठेवले. “ह्यो वरला, ह्यो खालचा.” खालच्या खड्यावरून त्याचं बोट निघेना. ते बघून सारजाबाईला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

तिनं वरला खडा उचलला.

कडूबाचा जीव भांड्यात पडला. “मंग पानी?” त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं बघून विचारलं.

“पानी वरल्या वाट्यातलं हाय.”

त्यानं खालचा खडा उचलला. मग कडा उतरू लागला. मागोमाग आवडाबाई.

दोघं वळणाआड जाईपर्यंत सारजाबाई काठावर उभी होती. भायाला कसं गप्प केलं, हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, बद्रीनाथ, आणि तो नव्हता. ती खाली बसली आणि चरातला गाळ हातानं उपसू लागली.