व्हायरलच आहे

गुरुग्रामच्या त्या सोसायटीत ऑक्टोबरात कुणालाच डेंग्यू होत नसे. व्हायचं ते फक्त ‘व्हायरल’. हा शब्द सेक्रेटरी सुगतने रुळवला होता. बी टॉवरमध्ये दोघांना डेंग्यू निघाला, तेव्हा त्याने त्यांना गोडीगुलाबीने समजावलं की ग्रुपवर लिहू नका, सोसायटीचं नाव खराब होतं, फ्लॅट विकणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांनी माना डोलावल्या. नाव जपायला आपण सगळेच किती तत्पर असतो!

मग नागपूरहून आलेल्या त्याच्या आईला, कौसल्याबाईंना, ताप भरला. अंग असं ठणकत होतं की कूस बदलवेना. ‘व्हायरलच आहे’ म्हणत सुगतने घरातली अंगदुखीची गोळी दिली, दुसऱ्या दिवशीही दिली. त्याची बायको श्रावस्ती तेव्हा ऑफिसच्या कामाने भोपाळला होती. परतल्यावर तिने सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त येताना पाहिलं आणि बॅग दारातच टाकून त्यांना हॉस्पिटलात नेलं. सुगत मागोमाग धावला.

डॉक्टरांनी विचारलं, “आपकी सोसाइटी में किसी को डेंगू है?”

“नहीं, बस वायरल चल रहा है,” सुगत बोलून गेला. सवयच ती.

तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या. आणि ती गोळी डेंग्यूत द्यायचीच नसते, तिने रक्तस्राव वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुगतला बसवेना की उभं राहवेना. खिशातून फोन काढायचा, परत ठेवायचा, दाराच्या काचेतून आईकडे बघायचं, असं त्याचं चाललं होतं. शेवटी त्याने श्रावस्तीला बी टॉवरचं सगळं सांगून टाकलं.

देशात डेंग्यूचे खरे रुग्ण किती, याचा अंदाज बांधणं हीच श्रावस्तीची नोकरी होती. ती ओरडली नाही.

“आमच्याकडे नोंदीचा आकडा येतो ना, तो आम्ही तसाच धरत नाही,” ती म्हणाली. “लोक सांगत नाहीत, म्हणून तो वाढवावा लागतो. किती पट वाढवायचा, यावर आमच्या मीटिंगा चालतात. मी त्याला नुसतं गणित समजत होते. ते गणित माझ्याच घरात राहत होतं, सुगत. आकडा कमी दिसला की फवारणी कमी, हॉस्पिटलात खाटा कमी. आणि आईंना तू ती गोळी दिलीस, कारण दुसऱ्यांना सांगता सांगता तुला स्वतःलाच ते व्हायरल खरं वाटायला लागलं.”

सुगतला रडू आवरेना. तिथेच बाकावर बसून त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, “मेरी माँ को डेंगू है। बी टॉवर में भी दो केस हैं, मैंने छुपाए। माफ़ कीजिए। बुखार हो तो टेस्ट करवाइए, डॉक्टर से पूछे बिना दर्द की गोली मत दीजिए।”

मग एकामागून एक उत्तरं येऊ लागली. हमारे यहाँ भी. हमारे यहाँ भी. चौथ्या मजल्यावरच्या हेमलताजींनी लिहिलं, “मैं अभी इनको वही गोली देने जा रही थी।”

कौसल्याबाई सावरल्या, पण त्यासाठी घराला बरेच दिवस जीव मुठीत धरून काढावे लागले. नागरिकहो, तापाचं नाव बदलल्याने ताप बदलत नाही. आपल्या घरातला रुग्ण लपवू नका, त्याची नोंद होऊ द्या. तो मोजला गेला, तर शेजारच्या घरातला वाचेल.