काश्मीरचा पडदा

नांदुऱ्याच्या युसूफभाईंनी कॅमेरा विकायचं पक्कं केलं होतं. पासपोर्टचे फोटो पोरगा अकील मोबाइलवरच काढायचा, आणि तीस वर्षं ‘हनुवटी खाली, कान दिसू द्या’ म्हणून म्हणून भाईंचा जीव विटला होता. संध्याकाळी पाचला गिऱ्हाईक दुकानात येणार होतं. त्याआधी एक सरकारी काम उरकायचं होतं: धरणात जाणाऱ्या गावातल्या बेचाळीस घरांचे फोटो. घरासमोर मालक, मालकाच्या हातात नंबराची पाटी. घराला कान नसतात, तेवढंच सुख.

एक्केचाळीस घरं पटापट झाली. बेचाळिसावं चांगुणाबाईचं. म्हातारीनं पाटी बाजूला ठेवली आणि पोरीच्या, सुवर्णाच्या लग्नाचा अल्बम पुढं केला. पंचवीस वर्षांपूर्वी तो भाईंनीच केलेला.

“हे काय होय, युसूफभाऊ?”

“काश्मीर.”

“अन् हे?”

“तेबी काश्मीरच, मावशी.”

नवरदेव, नवरी, व्याही, शेजारची शेळी, सगळे बर्फाच्या डोंगरापुढं घामाघूम उभे.

“मंग माहं घर कुठी हाय?”

“पडद्यामांगं.”

खोटं कशाला बोलायचं? भाईंची रीतच ती. कोणत्याही गावात गेले की आधी भिंतीत दोन खिळे ठोकायचे आणि रंगवलेला पडदा ताणायचा. मातीची भिंत फोटोत वाईट दिसते म्हणे! लोकही खूश. असं करत या अख्ख्या गावाची लग्नं आणि बारशी भाईंनी काश्मीरात लावून दिली होती. घरोघरी अल्बम होते, पण एकाही अल्बमात गाव नव्हतं.

“सुवर्णा म्हणते, माय, पाणी यायच्या आंधी आपल्या घराचा एक फोटो पाठव,” चांगुणाबाई म्हणाली. “मले वाटलं, ढीगभर हायत. पाह्यतो त काश्मीर!”

भाईंना लाज वाटली. चांगलीच वाटली.

“उभ्या राहा, मावशी. पाटी राहू द्या तिथंच.”

सकाळीच तिनं भिंत पांढऱ्या मातीनं सारवली होती. बुडायची भिंत कोणी सारवतं का? पण फोटो म्हटल्यावर तोंड धुवायला नको? भाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. भिंतीत दोन गंजके खिळे होते. एकावर सूप, दुसऱ्यावर कंदील.

“सूप काढू काय?”

“राहू द्या. खिळेबी येऊ द्या. मीच ठोकले व्हते.”

भाईंनी बटण दाबलं. फोटो पाहिला, आवडला, म्हणून आणखी एक काढला. असं किती वर्षांत झालं नव्हतं.

पाचला अकीलचा फोन आला. “अब्बा, पार्टी आके बैठी है.”

“चाय पिला के भेज दे. कॅमेरा नै बेचना.”

मग भाई पहिल्या घरापाशी परत गेले आणि मालकाला म्हणाले, पाटी ठेवा, पुन्हा उभे राहा. त्या भिंतीतही दोन खिळे होते. अजून चाळीस घरं बाकी होती.