बसल्या जागेवरून

चौथ्या खड्ड्यातही नुसती माती निघाली, तेव्हा नीलमनं टिकाव बाजूला टाकला आणि फोनच्या पडद्यावरच्या सासऱ्यांकडं बघितलं. हौसरावांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते वरवंडला लेकीच्या घरी खाटेवर पडून केंदूरची शेती चालवत होते.

या रानातली पाइपलाइन वीस वर्षांपूर्वी त्यांनीच गाडली होती. तिच्या दोन वाटा. एक उसाकडं, एक या तुकड्याकडं. पाणी इकडं वळवायचा व्हॉल्व्ह सिमेंटच्या झाकणाखाली होता. तुकडा दोन वर्षं पडीक राहिला, ट्रॅक्टरनं बांध मोडला आणि झाकण मातीखाली गेलं. कांद्याच्या लागणीला शेजारच्या चांगदेवनं आपलं पाणी दिलं होतं; आता त्याचाच पंप जळाला होता. पाच दिवसांपूर्वी लावलेली रोपं माना टाकत होती आणि चारला लाईट जाणार होती. नवरा रोहिदास कंपनीत, त्याचा फोन गेटवर जमा.

"आप्पा, सकाळी विहिरीपासून पंधरा पावलं म्हणाला होतात. मग बावीस. आता नेमकी किती?"

"पावलं मोजून कोण चालतंय? तू नुसती माती दावतीयास मला. मातीवर काय नाव लिहिलंय व्हय?"

"मग काय दाखवू?"

"हे बघ, इथं हाय," असं म्हणून हौसरावांनी वरवंडात बोट दाखवलं. पडद्यावर नुसतं बोटच दिसायला लागलं.

नीलमनं डोळे मिटून घेतले. मातीची पाटी घेऊन मागं उभी असलेली नववीतली समृद्धी हसली आणि आईची नजर वळताच गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आई, आप्पा जेवायला कुठं बसायचे?"

"आता जेवणाचं काय मध्येच?"

"मी वाचलंय. माकडाच्या मेंदूत काही पेशी असतात. माकड एखाद्या जागेकडं बघतं ना, तेव्हा त्या जाग्या होतात. माकड तिथं गेलेलं नसलं तरी. नुसतं लांबून बघितलं तरी जागा ध्यानात राहते. माणसाचंही तसंच असेल. आप्पांनी व्हॉल्व्ह पावलांनी नाही, नजरेनं ध्यानात ठेवला असेल."

"माकड कोणाला म्हणतीया ती?" फोनमधून आवाज आला.

"तुम्हाला नाही, आप्पा. सगळ्यांनाच."

नीलमला वाद घालायचंही त्राण नव्हतं. हौसराव रोज विहिरीच्या कठड्यावर बसून भाकरी खायचे. ती तिथं गेली आणि फोन रानाकडं धरला.

"खाली बस. मी कवा उभ्यानं भाकर खाल्ली का?"

ती बसली.

"आन् तोंड एवढं उसाकडं नको. विजेचा खांब दिसू दे. आजून थोडं. हां."

एवढा वेळ करवादणारा आवाज एकदम शांत झाला. "खांबाच्या मागं गावची पाण्याची टाकी दिसतीया. त्या रेघंत सरळ खांबाकडं जायचं. पोरीला चालू दे. चाल. चाल. आता डाव्या हाताला एक पाऊल. थांब."

समृद्धीनं टिकाव मारला. दुसऱ्या घावाला ठण्ण वाजलं. ती जागा चारही खड्ड्यांपासून लांब होती.

झाकण निघालं, व्हॉल्व्ह कुरकुरत फिरला आणि पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं. तीनला दहा मिनिटं कमी होती.

"सकाळपासनं हेच सांगत हुतो," हौसराव म्हणाले.

नीलमच्या हाताला फोड आले होते. उठावं असं मनात आलं, पण ती उठली नाही. फोन तसाच धरून तिनं विचारलं, "आप्पा, या रानात अजून काय काय पुरून ठेवलंय तुम्ही?"

"लई हाय. जागा सोडू नकोस, सांगतो."

"समृद्धी," नीलम दमलेल्या आवाजात म्हणाली, "इकडं ये आणि माझ्या शेजारी बस. तूही बघून ठेव."