पाचवीचं माप

मास्तरांना एकाच गोष्टीचा तोरा होता. कुणाचंही पोर समोर आणा आणि इयत्ता सांगा, टेप न लावता गणवेश शिवून देतो, असं ते छातीठोकपणे सांगायचे. खालच्या वस्तीतल्या शाळेचे गणवेश ते बावीस वर्षं शिवत होते. पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेचे पुठ्ठ्याचे खाके त्यांनी कापून भिंतीवर खिळ्याला टांगले होते. पाचवीचा खाका काढायचा, कापडावर ठेवायचा, खडू फिरवायचा, की झालं. वीसेक मुलींत एखादीची बाही लांब निघाली तर निघाली. "तुझाच हात आखूड आहे गं," म्हणून मास्तर तिलाच हसत दटावायचे आणि तिथल्या तिथे बाही दुमडून टीप मारून द्यायचे.

घरही तेच आणि दुकानही तेच. पुढे शिवणयंत्र, मागे गॅसची शेगडी आणि दोहोंच्या मधे नवराबायको अन् त्यांची त्याच शाळेत पाचवीला असलेली एकुलती लेक. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि मैत्रिणींनी नाव ठेवलं 'पिटुकली'. घरी त्याचं 'पिटू' झालं. पिटूला त्या नावाचा राग नव्हता. उलट लपाछपीत आपण कुठेही मावतो याची तिला ऐट होती. तिची आई कौतुकानं म्हणायची, "माझ्या आईवर गेलीय. आमच्याकडे बायका अशाच, मूठभर."

त्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या भावानं निरोप पाठवला. तो शहराच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या शाळेची बस चालवायचा. शाळेमागेच त्याला राहायला खोल्या मिळाल्या होत्या आणि त्याची मुलगी त्याच शाळेत शिकत होती. तिथल्या शिंप्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पाचवीच्या मुलींचे गणवेश अडले होते.

"दादा, मी तुझं नाव सांगितलंय. माझी लाज राख."

"लाज कसली राखायची? पाचवी म्हणजे पाचवी. माप घ्यायला येण्याची पण गरज नाही मला."

आणि खरंच ते गेले नाहीत. भावानं आणून दिलेलं कापड भिंतीवरच्या खाक्याप्रमाणे कापलं आणि आठ दिवसांत छत्तीस झगे शिवून, इस्त्री करून, दोन गाठोडी बांधून मास्तर टेकडीवर गेले.

एकही झगा बसला नाही.

पहिल्या मुलीच्या खांद्यावरून तो खाली उतरेना. दुसरीच्या अंगात शिरला, पण गुडघ्याच्या वर वीतभर राहिला. तिसरी लाजून रडकुंडीला आली. खेळाच्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "मास्तर, चुकून तिसरीचे आणलेत का?"

"नाही हो बाई, पाचवीचेच आहेत." मास्तरांच्या कपाळाला घाम फुटला. "तुम्ही सातवीच्या मुली उभ्या केल्यात."

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "मोठे काका, मलापण बसत नाहीये!"

ती त्यांची पुतणी होती. उंच म्हणून तिचा बाप तिला लाडानं 'शिडी' म्हणायचा. ही पोरगी पिटूपेक्षा चार महिन्यांनी लहान होती. जावाजावांचं फारसं सूत नसल्यामुळे दोन्ही घरांचं जाणंयेणं लग्नकार्यापुरतं उरलं होतं, आणि तिथे मुली एका जागी थांबतात कुठे? दोघींना शेजारी उभं करून मास्तरांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि शिडीला भिंतीला टेकवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. छप्पन्न इंच.

बाकीच्याही मोजल्या. रांगेत शिडी उंचही नव्हती आणि बुटकीही नव्हती. चारचौघींसारखीच होती.

त्या संध्याकाळी घरी आल्याआल्या त्यांनी पिटूला भिंतीला टेकवलं. ती गुदगुल्या झाल्यासारखी खिदळत होती. पन्नास इंच.

"पाय उचलू नकोस, नीट उभी राहा."

"नीटच आहे बाबा. एवढीच आहे मी."

मास्तरांना घास गोड लागेना. वरचे लोक खातात-पितात, त्यांची हाडंच रुंद, असं स्वतःला समजावता आलं असतं. पण शिडीचं काय? भाऊ तर सख्खा होता. एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलेले. मग त्यांच्या लेकींमध्ये सहा इंच आले कुठून?

नवीन झगे शिवायचं कबूल करून ते पुन्हा टेकडीवर गेले, तेव्हा त्या सहा इंचांची गोष्ट ऐकून भावानं त्यांना शाळेच्या नर्सबाईंकडे नेलं. दवाखान्याच्या खोलीत प्रत्येक मुलाचं कार्ड होतं. दर सहा महिन्यांनी वजन, उंची, डोळे, दात, छाती, सगळं तपासून लिहिलेलं. शिडीचं कार्ड बाईंनी उलगडून दाखवलं. तीनदा तिचा घसा सुजला होता. तिन्ही वेळा औषधाचे पूर्ण दिवस भरले की नाही, तेही लिहिलं होतं.

"आमच्या शाळेत असलं काही नाही बाई," मास्तर म्हणाले. "वस्तीच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. तेही आले तर."

"तुमची मुलगी खेळते का?" बाईंनी विचारलं.

"बसून खेळते. धावली की दम लागतो तिला. नाजूक आहे."

नर्सबाईंनी कार्ड मिटलं. "कधी सांधे सुजले होते? म्हणजे आज गुडघा, परवा घोटा, असं?"

मास्तरांना आठवलं. पिटू आठ वर्षांची असताना महिनाभर लंगडत होती. मंगळवारच्या डॉक्टरांनी वाढीच्या वयात दुखतं म्हणून गोळ्या दिल्या होत्या. आईनं तेल चोळलं होतं. दुखणं आलं तसं गेलं होतं.

"उद्याच घेऊन या तिला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिटू टेकडीवर आली. रस्त्याच्या कडेची झाडं, घराघराच्या खिडक्या, नळाला दिवसभर पाणी, सगळं ती डोळे विस्फारून बघत होती. चढावर ती चार वेळा थांबली. नर्सबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

पिटूनं विचारलं, "बाई, आत कोणी बोलतंय का?"

बाई हसल्या, पण मास्तरांकडे बघताना त्यांचं हसू राहिलं नव्हतं.

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. घसा दुखतो, औषध अर्धवट राहतं, पुन्हा दुखतो. मग सांधे सुजतात, आणि सांधे बरे होतात तोवर हृदयाची झडप खराब झालेली असते. पिटूची झडप फार खराब झाली होती. शरीराची निम्मी ताकद नुसता श्वास चालू ठेवण्यातच जात होती, वाढायला उरतच नव्हती.

"पण घसा?" मास्तरांचा विश्वास बसेना. "बाई, घसा तर आमच्या गल्लीत सगळ्यांचाच दुखतो. एकाला खोकला आला की भिंतीपलीकडचा खोकतो."

"तेच तर कारण आहे."

मास्तरांनी तो चित्राचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "टेकडीवरची पोरं येतात का तुमच्याकडे, याच दुखण्याची?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चार वर्षं आहे मी इथे," त्या सावकाश म्हणाल्या. "एकही आठवत नाही."

ऑपरेशन करायचं ठरलं. रांग मोठी होती, तारीख आठ महिन्यांनंतरची मिळाली. तोवर घसा पुन्हा सुजू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं. ते खालच्या वस्तीच्या दवाखान्यात ठेवतच नसत, म्हणून दोन बस बदलून दिवसभराची फेरी करावी लागे. मास्तरांनी एकही फेरी चुकवली नाही. पिटूला बसची खिडकी आवडायची. परतताना ती बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. दहा वर्षांची पोर, पण मांडीवर सहज मावायची. आता तिचं ते मावणं मास्तरांना बघवत नसे.

नवव्या फेरीला इस्पितळात इंजेक्शन शिल्लक नव्हतं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. त्या आठवड्यात गल्लीत तापाची साथ आली. नळाचं पाणी गढूळ येत होतं, शेजारची दोन्ही पोरं अंथरुणाला खिळली होती. पिटूलाही ताप चढला. तिसऱ्या दिवशी तिला आडवं झोपवेना. बसूनच होती, आईच्या छातीला पाठ टेकून. वाहन बोलावलं, पण गल्ली इतकी अरुंद की ते मोठ्या रस्त्यावरच थांबलं. मास्तरांनी तिला उचलून पळत नेलं. वाटेत ती म्हणाली, "बाबा, हळू. तुम्हालाच दम लागतोय."

सकाळी सव्वादहाला ती गेली. ऑपरेशनला सात आठवडे उरले होते.

भाऊ आला, भावजय आली. जावाजावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. शिडी एका कोपऱ्यात उभी होती, हातापायांचं काय करावं ते न कळून, जणू आपल्या उंचीचीच तिला लाज वाटत होती. मास्तरांनी तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ती हुंदके देऊ लागली.

तीन वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला होता, "दादा, पिटूला आमच्याकडे ठेव. शाळेचं मी बघतो, दोघी बहिणी एकत्र वाढतील." मास्तर फटकन बोलले होते, "का? माझ्या घरात काय कमी आहे तिला?" ती गोष्ट भावानं आता काढली नाही. पुढेही कधी काढली नाही. त्यानं एकदा तरी काढावी, तोंडावर बोलावं, असं मास्तरांना फार वाटायचं.

बायको दिवसदिवस बोलत नसे. एकदा कांदा चिरताचिरता थांबली आणि म्हणाली, "माझ्या आईवर गेलीय म्हणायचे मी. हसायचो आपण तिला."

"तिला नव्हतो हसत. तिच्याबरोबर हसायचो."

"तेच ते," ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली.

जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून काम आलं. मास्तरांनी त्या वर्षी अंदाजानं काही कापलं नाही. शाळेत जाऊन एकेका पोराला भिंतीला टेकवलं आणि वहीत उंची लिहिली. पहिलीपासून सातवीपर्यंत, दोनशे नव्वद पोरं. टेकडीवरच्या पाचवीची मापंही त्यांच्याकडे होतीच. दोन्ही शेजारीशेजारी लिहून ती वही त्यांनी नगरपालिकेच्या आरोग्य कार्यालयात नेली. तीन खेपा घातल्यावर साहेबांची गाठ पडली.

साहेब भले होते. खुर्ची दिली, वही चाळली. "अक्षर सुंदर आहे तुमचं. पण मास्तर, ही कपड्यांची मापं आहेत. हा काही आरोग्याचा अहवाल नव्हे."

"साहेब, कपडे अंगावरच घालतात ना?"

साहेबांनी वही परत केली. सोबतचा अर्ज ठेवून घेतला, पोच दिली. डॉक्टर मंगळवारीच येत राहिले.

मग मास्तर टेकडीवर गेले, नर्सबाईंना भेटायला. त्यांना काय मागायचं हे नीट सांगता आलं नाही. त्यांनी नुसती वही पुढे केली. बाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि विचारलं, "रविवारी तुमची शाळा उघडून मिळेल?"

चार रविवार त्या स्वतःची नळी घेऊन आल्या. पोरं रांगेत उभी राहायची, मास्तर नावं पुकारायचे. एकेका छातीवर बाई जितका वेळ थांबायच्या, तेवढा वेळ मास्तरांचा श्वास अडायचा. चार रविवारांत तीन पोरांच्या नावापुढे त्यांनी खूण केली.

त्यातल्या एकाची आई धुणीभांडी करणारी. मास्तर घरी सांगायला गेले तर दारातच अंगावर आली. "धडधाकट आहे माझा मुलगा! तुमची गेली म्हणून आता दुसऱ्यांच्या पोरांवर डोळा का?"

मास्तरांनी ते ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही. पायरीवर टेकत ते म्हणाले, "ताई, मीसुद्धा हेच म्हणालो असतो. त्याचे गुडघे कधी दुखले होते का, एवढंच आठवून बघा."

 पदराचं टोक त्या आईच्या हातात गोळा होत गेलं.

"गेल्या वर्षी," ती म्हणाली. "महिनाभर."

सोमवारी सकाळी मास्तर त्या मायलेकांना घेऊन निघाले. इस्पितळात केसपेपर कुठे मिळतो, कुठल्या खिडकीला आधी उभं राहायचं, हृदयाचा विभाग कुठल्या जिन्यानं, हे त्यांना पाठ होतं. पोरगा खिडकीशी बसला. आईनं विचारलं, "मास्तर, वेळ आहे ना अजून?"

"आहे," मास्तर म्हणाले. त्यांना ते ठाऊक नव्हतं. बस चढाला लागली तसं पोरगं उठून उभं राहू लागलं, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला सावकाश खाली बसवलं.